इंजिन ऑइलचे झाकण अडकले तर

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार सहा वर्षांची आहे. मागच्या सर्व्हिसिंगनंतर इंजिन ऑइल भरण्याचे काळे प्लॅस्टिकचे झाकण जागचे हलत नाही. दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. शेजारी म्हणतात, मोठी पक्कड लावून एकदाच झटका द्या. तसे करावे का? आणि तोपर्यंत गाडी चालवणे योग्य आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पहिल्याची घाई राहणार नाही. ऑइलची पातळी डिपस्टिकवर, म्हणजे इंजिनात बुडलेल्या खुणांच्या पट्टीवर, पाहायची असते, त्यासाठी झाकण उघडावे लागत नाही. सपाट जागेवर गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल, तर गाडी खुशाल वापरावी आणि झाकणाचे काम सवडीने करावे. ही झाकणे बहुधा तुटतात ती रस्त्याच्या कडेला, घाईघाईने, हाताला येईल त्या हत्याराने उघडताना.

पक्कड मात्र इतक्यात लावू नये. झाकण ज्या तोंडावर बसते ते तोंड टॅपेट कव्हरचा, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणीचा, भाग असते, आणि अलीकडच्या अनेक मोटारींत ते कव्हरही प्लॅस्टिकचेच असते. झाकण तुटले तर नुकसान थोडक्यात भागते, पण तोंडाचे आटे गेले किंवा कव्हरला तडा गेला, तर पूर्ण कव्हर, त्याचे पॅकिंग आणि मजुरी असा बराच मोठा खर्च येतो. शिवाय पक्कड गोल झाकणाला दोनच ठिकाणी दाबते. त्या दाबाने झाकण किंचित लंबगोल होते आणि आट्यांत अधिकच रुतते, म्हणजे जोर वाढतो तशी अडचणही वाढते.

झाकण अडकते कशामुळे, हे पाहिले की उपाय आपोआप सुचतो. झाकणाखाली रबराची कडी असते. इंजिनाच्या उष्णतेने ती वर्षानुवर्षे भाजून निघते, लवचीकपणा गमावते आणि धातूला किंवा प्लॅस्टिकला चिकटते. तिच्या कडेला झिरपलेले ऑइल सुकून चिकट थर होतो आणि त्यात धूळ मिसळली की डिंकासारखा पदार्थ तयार होतो. आपल्या पत्रात सर्व्हिसिंगचा उल्लेख आहे, त्यावरून तिसरे कारणही संभवते : झाकण हातापेक्षा जास्त जोराने आवळले गेले असावे, किंवा आटे तिरके चढले असावेत. झाकण एका बाजूला किंचित वर उचललेले दिसते का, हे कडेने डोळा लावून पाहावे. तसे दिसल्यास आटे तिरके चढले आहेत असे समजावे आणि पुढचे काम जाणत्या मेकॅनिकच्या हाती द्यावे.

हात लावण्यापूर्वी झाकण कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखावे. काही झाकणे बाटलीच्या बुचासारखी आट्यांवर अनेक वेढे फिरतात. काही मात्र पाव फेरा फिरून खटकन थांबतात आणि मग सरळ वर उचलायची असतात. हा दुसरा प्रकार ओळखता न आल्यामुळे, सुटलेले झाकण पुढेही फिरवत राहून त्याची खाच तोडणारे लोक कमी नाहीत. झाकणावर किंवा त्याच्या शेजारी बाणाची अथवा कुलपाची खूण असते, आणि मोटारीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतही चित्र असते. दोन्ही प्रकार घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच सुटतात. ही गोष्ट सर्वांना माहीत असते, तरी बॉनेटवर ओणवे होऊन उलट्या बाजूने हात घातला की भलत्याच दिशेला जोर लावणारे बरेच असतात, म्हणून लिहिले.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम ब्रशने आणि कोरड्या फडक्याने झाकणाभोवतीची माती पूर्ण काढावी. झाकण सुटेल त्या क्षणी ती माती थेट कॅमशाफ्टवर (इंजिनाचे वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) पडते, म्हणून ही पायरी टाळू नये. मग झाकणाची कड साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. ऑइलने माखलेल्या झाकणावर हात घसरतो आणि झाकण घट्ट आहे असा उगाच समज होतो. त्यानंतर भांडी घासताना वापरतात ते रबरी हातमोजे घालून पाहावे, किंवा पॉलिश पेपरची खरखरीत बाजू झाकणाकडे करून तो कडेभोवती गुंडाळावा आणि वरून मूठ आवळावी. अडकलेली निम्मीअधिक झाकणे एवढ्यानेच सुटतात, असे माझे मत आहे. खरा प्रश्न ताकदीचा नसून पकडीचा असतो.

इंजिन गरम असताना उघडावे की थंड असताना, यावर गॅरेजमध्ये दोन तट असतात. गार इंजिनात प्लॅस्टिक आकसलेले असते, त्यामुळे आटे सैल पडतात; कोमट इंजिनात रबर मऊ असते आणि चिकट थर पातळ होतो. कडी चिकटल्याने अडकलेल्या झाकणासाठी दुसरा मार्ग अधिक उपयोगी पडतो. इंजिन पाचेक मिनिटे चालवून बंद करावे, झाकणाला हात लावता येईल इतके निवू द्यावे आणि मग प्रयत्न करावा. तापलेल्या इंजिनावर थेट हात घालू नये, कारण उष्ण ऑइलचे शिंतोडे उडतात आणि जवळचा एग्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा तापलेला नळ) चटका देतो. इथे एक सूचना फार महत्त्वाची आहे : कूलंटचे झाकण ते ऑइलचे झाकण नव्हे. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी; ते दाबाखाली असते आणि गरम इंजिनावर ते झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते. ऑइलच्या झाकणावर ऑइलच्या बुधलीचे चित्र किंवा ऑइलची श्रेणी लिहिलेली असते, ती वाचूनच हात घालावा.

एवढ्याने न जमल्यास झाकणाच्या कडेच्या फटीत स्वच्छ इंजिन ऑइलचे चार-पाच थेंब सोडून रात्रभर तसेच ठेवावे. गंज सोडवणारा फवारा अगदी थोडा वापरायला हरकत नाही, परंतु इथे अडकलेला भाग बहुधा रबराचा असतो, गंजलेल्या लोखंडाचा नसतो, त्यामुळे त्याचा फारसा उपयोग होत नाही. ब्रेक ऑइल मुळीच वापरू नये. ते या रबराला फुगवते आणि सांडल्यास मोटारीचा रंगही उठवते. उकळते पाणी ओतू नये, कारण ते फटीतून आत जाते. त्याऐवजी गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके झाकणावर मिनिट-दोन मिनिटे धरावे. ज्वाला किंवा गरम हवेची बंदूक या ठिकाणी आणूच नये. ऑइलची वाफ आणि प्लॅस्टिक यांच्याजवळ तिचे काय काम?

झाकण आट्यांचे असेल, तर आणखी एक युक्ती आहे. सुटण्याच्या दिशेने जोर देण्याआधी त्याला आवळण्याच्या दिशेने अगदी केसभर ढकलावे आणि लगेच उलट फिरवावे. चिकटलेली कडी या मागेपुढे हालचालीने सुटी होते. पाव फेऱ्याच्या झाकणाला हे करू नये, कारण ते आधीच टोकाला टेकलेले असते. झाकणाच्या कडेवर लाकडी मुठीने चहूबाजूंनी हलके ठोकल्यासही थर तुटतो. लोखंडी हातोडी मात्र पेटीतच राहू द्यावी.

शेवटी हत्यार लागलेच, तर ते पट्ट्याचे असावे. ऑइल फिल्टर काढण्यासाठी मिळणारा रबरी किंवा कापडी पट्ट्याचा पाना संपूर्ण कडेवर सारखा ताण देतो आणि झाकण दबून वाकत नाही. तो नसल्यास सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी झाकणाभोवती दोन वेढे घट्ट गुंडाळून तिची टोके एका लाकडी दांड्याला बांधावीत आणि दांड्याने फिरवावे. ताण हळूहळू वाढवावा, झटका देऊ नये. पक्कड वापरण्याची वेळ आलीच, तर नवे झाकण आधी आणून ठेवावे आणि जुने झाकण गेले असे समजूनच काम करावे.

झाकण सुटल्यावर त्याची आतली बाजू पाहून घ्यावी. काळपट पातळ थर असणे स्वाभाविक आहे. पांढरट, सायीसारखा थर दिसला, तर तो पावसाळ्यात किंवा थंड हवेत रोज थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत साचलेल्या वाफेचा असू शकतो. परंतु त्याबरोबर कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा माथा आणि खालचा भाग यांच्यामधले पॅकिंग) तपासून घ्यावे. रबरी कडी चपटी किंवा कडक झाली असल्यास बदलावी. काही कंपन्यांची कडी सुटी मिळते, काहींची झाकणासकटच घ्यावी लागते. दुकानात जुने झाकण आणि मोटारीचा चॅसिस क्रमांक सोबत न्यावा. नवी कडी बसवताना तिला बोटाने ऑइलचा हात फिरवावा. आट्यांचे झाकण आधी किंचित उलटे फिरवावे, आटे एकमेकांत बसल्याचे जाणवले की सरळ फिरवून बोटांच्या जोरावर आवळावे, आणि तिथेच थांबावे. पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला झाकण पान्याने आवळू नये असे आवर्जून सांगावे.

प्रश्न : माझ्या गाडीचे झाकण इंजिन बंद असताना सहज उघडते, पण इंजिन चालू असताना वर उचलतच नाही, जणू कोणी आतून ओढून धरले आहे. सोबत बारीक शिट्टीसारखा आवाजही येतो. झाकण बदलावे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : झाकण बदलून उपयोग होणार नाही, त्याचा इथे दोष दिसत नाही. पेट्रोल इंजिनाच्या आत साचणारी वाफ आणि वायू परत सेवनमार्गाकडे, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेकडे, ओढून जाळण्याची व्यवस्था असते, तिला गॅरेजमध्ये पीसीव्ही म्हणतात. त्यामुळे चालू इंजिनात झाकणाखाली थोडासा ओढा असणे ठीकच आहे. मात्र ही ओढ मर्यादेत ठेवणारा वाल्व्ह अडकला किंवा त्यातला पातळ पडदा फाटला, तर सेवनमार्गातील पूर्ण निर्वात झाकणाखाली पोहोचतो. संथ फिरणाऱ्या इंजिनात हा निर्वात वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याहून अधिक असतो. चार सेंटीमीटर व्यासाच्या तोंडावर तो सात-आठ किलो वजनाइतका ओढा देतो, म्हणून झाकण उचलत नाही. शिट्टीचा आवाज फाटलेल्या पडद्यातून किंवा एखाद्या सीलमधून आत शिरणाऱ्या हवेचा असण्याची शक्यता मोठी आहे. असेच चालू ठेवल्यास क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) सील खराब होऊन ऑइल गळू लागते. काही मोटारींत हा पडदा टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो आणि संपूर्ण कव्हर बदलावे लागते, त्यामुळे खर्चाचा अंदाज आधी विचारून घ्यावा. तोवर झाकण चालू इंजिनावर ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. इंजिन बंद करून मिनिटभर थांबल्यास ओढा आपोआप नाहीसा होतो.

प्रश्न : पक्कडीने फिरवताना झाकणाचा वरचा भाग तुटून हातात आला आणि आट्यांची कडी तोंडातच राहिली. एखादा तुकडा आत पडला असेल का? गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : इंजिन सुरू करू नये. तुटलेले भाग टेबलावर जुळवून पाहावेत. सगळे तुकडे जुळले तर चिंतेचे कारण नाही. एखादा तुकडा कमी असल्यास तो कॅमशाफ्टच्या परिसरात किंवा टायमिंग चेनच्या (कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीच्या) बाजूला असू शकतो, अथवा खाली ऑइल पंपाच्या जाळीपर्यंत गेलेला असू शकतो. प्लॅस्टिक चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा चुंबक फिरवण्यात वेळ घालवू नये. टॅपेट कव्हर उघडणे हाच खात्रीचा मार्ग आहे आणि ते बहुतेक गाड्यांत तासा-दोन तासांचे काम असते.

उरलेली कडी काढण्यापूर्वी, धागे न सुटणारे स्वच्छ फडके तिच्या खाली सारावे आणि त्याला दोरी बांधून दोरीचे टोक बाहेर ठेवावे, म्हणजे पुढचे तुकडे आत पडणार नाहीत. मग कडीच्या भोकात बसेल अशी निमुळती लाकडी खुंटी हलक्या हाताने रुतवावी आणि उलट दिशेने फिरवावी. कडी खुंटीसोबत फिरून वर येते. स्क्रूड्रायव्हर ठोकून कडी फोडण्याचा मोह टाळावा, कारण त्यात तोंडाचे आटे खराब होतात.

तोंडात फडके कोंबून गाडी चालवत नेणे धोक्याचे आहे. ऑइल उडून तापलेल्या एग्झॉस्टवर पडले तर ते पेट घेऊ शकते. दुचाकीवरून जाऊन नवे झाकण आणणे, किंवा गाडी ओढून नेणे, हेच बरे.

प्रश्न : घाटात असताना ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेल्याचे दिसले. जवळ ऑइलचा डबा होता, पण झाकण काही उघडेना. अशा वेळी काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डिपस्टिक ज्या नळीत असते, तीच नळी अशा वेळी कामाला येते. डिपस्टिक काढून नळीत बारीक तोंडाचे नरसाळे धरावे आणि त्यातून अगदी सावकाश, धार न तुटता, ऑइल सोडावे. नळी अरुंद असल्याने हवा बाहेर येते आणि घाई केल्यास ऑइल वर उसळते. बहुतेक छोट्या मोटारींत खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे एक लिटरचे अंतर असते, तेव्हा पाव-पाव लिटर घालून, दहा मिनिटे थांबून पुन्हा मोजावे. वरच्या खुणेपलीकडे जाऊ नये. जास्त झालेले ऑइल क्रँकशाफ्ट घुसळते आणि त्याचा फेस होतो. सांडलेले ऑइल एग्झॉस्टवरून पुसून घेतल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. मात्र ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला असेल, तर केवळ ऑइल घालून पुढे निघू नये. इंजिन सुरू केल्यावर काही सेकंदांत दिवा विझला नाही, तर ते लगेच बंद करून मदत मागवावी.