क्लचचा स्टील ब्रेडेड होज : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (राजारामपुरी) : माझी डिझेल गाडी दहा वर्षांची आहे. गर्दीत थोडा वेळ गेला की पहिला आणि रिव्हर्स गिअर टाकताना खरखर होते. पेडल दोन-तीनदा दाबले की गिअर पडतो. मूळच्या रबरी होजऐवजी स्टील ब्रेडेड होज (वरून स्टीलच्या तारांची वीण असलेला पाइप) बसवल्यास हा त्रास जाईल का?

ऑइलवर चालणाऱ्या क्लचमध्ये पेडल दाबले, की पेडलजवळचा वरचा सिलिंडर होजमधून ऑइल ढकलतो आणि गिअरबॉक्सजवळचा खालचा सिलिंडर त्या दाबाने क्लच सोडवतो. पेडल पंप केल्यावर गिअर पडतो, याचा अर्थ पहिल्या दाबात खालच्या सिलिंडरपर्यंत पुरेसे ऑइल पोहोचत नाही. त्याची कारणे अनेक असू शकतात : पाइपमध्ये हवा, वरच्या सिलिंडरचे झिजलेले सील, जुने ऑइल किंवा उष्णतेने मऊ पडून फुगणारा रबरी होज. नवा होज यांपैकी फक्त शेवटचे कारण दूर करतो. त्यामुळे आधी सपाट, मोकळ्या जागी गाडी चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका आणि उजवा पाय ब्रेकवर अलगद तयार ठेवून अर्धा मिनिट थांबा. पेडल तसेच दाबलेले असताना गाडी हळूहळू पुढे सरकू लागली, तर वरच्या सिलिंडरमध्ये ऑइल आतल्या आत पास होत आहे असे बहुधा समजावे. गाडी सरकली नाही, तर इंजिन बंद करून दुसऱ्या कोणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि रबरी होज चिमटीत धरून पाहा; चांगला होज बोटांना फुगलेला जाणवत नाही.

त्रास गरम झाल्यावरच होतो, हा आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी तपशील आहे. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. मानकाप्रमाणे ताज्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. एक्झॉस्टच्या शेजारून जाणाऱ्या पाइपात अशा ऑइलची वाफ झाली, की पेडलचा दाब वाफ आकसवण्यातच खर्च होतो. ऑइल कोल्हापूरचे चार-पाच पावसाळे पाहिलेले असेल, तर पहिला खर्च त्यावर करावा. ब्रेडेड होज बसवल्यावर क्लच सुधारल्याचे जे सांगतात, त्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाडीत त्याच वेळी नवे ऑइल भरलेले असते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न (उजळाईवाडी) : होज चांगला असूनही बदलला, तर नेमका किती फरक पडतो? पेडल हलके होते का?

हलके होत नाही; उलट किंचित घट्ट वाटते. उदाहरणादाखल वरच्या सिलिंडरचा व्यास १५.८७ मिलिमीटर आणि त्यातील पिस्टनची चाल ३० मिलिमीटर धरली, तर एका दाबात जेमतेम ५.९ मिलिलिटर ऑइल ढकलले जाते. जुना होज फुगून त्यातले अर्धा मिलिलिटर गिळत असेल, तर खालच्या सिलिंडरची सुमारे ८ टक्के चाल वाया जाते आणि क्लच पूर्ण सुटत नाही. नव्या, चांगल्या रबरी होजमध्ये ही हानी मुळातच अल्प असते, म्हणून फरकही अल्प असतो. क्लच प्लेट घसरत असेल, तर त्यावर होजचा काहीही इलाज नाही.

प्रश्न (शिरोली) : आमच्या एमआयडीसीत जेसीबी आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक होज प्रेस करून देणारी दुकाने आहेत. तिथे माप देऊन होज करून घेतला तर चालेल का? तो होज तर कितीतरी जास्त दाब सोसतो.

दाबाची चिंता नाही, रबराची आहे. त्या होजचे आतले अस्तर बहुधा नायट्राइल रबराचे असते आणि ते खनिज हायड्रॉलिक ऑइलसाठी योग्य असते. आपल्या क्लचमध्ये ग्लायकॉल जातीचे ब्रेक ऑइल असते. त्यात नायट्राइल फुगते, मऊ पडते आणि कालांतराने त्याचे कण सुटून सिलिंडरच्या बारीक छिद्रांत अडकतात. ब्रेक ऑइलला ईपीडीएम रबर किंवा टेफ्लॉनचे अस्तर लागते. उलट चूकही तितकीच महागात पडते : ईपीडीएमची सील असलेल्या सिलिंडरमध्ये कोणी चुकून हायड्रॉलिक ऑइल ओतले, तर सील फुगून बसतात आणि सगळी यंत्रणा उघडावी लागते. म्हणून दुकानात ‘किती दाबाचा?’ याआधी ‘आतून कशाचा?’ हे विचारावे. टेफ्लॉनचे अस्तर, त्यावर स्टेनलेस स्टीलची वीण आणि वर प्लॅस्टिकचे आवरण असा होज, ब्रेक पाइपच्या जोडण्या प्रेस करून आणि दाबाखाली तपासून मिळत असेल, तरच तो घ्यावा.

दुसरा धोका आट्यांचा आहे. एम १० बाय १ (१० मिलिमीटर व्यास, आट्यांत १ मिलिमीटर अंतर) आणि ३/८ इंच व्यासाचा, इंचाला २४ आट्यांचा असे दोन बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात, सुरुवातीचे एक-दोन वेढे एकमेकांत जातातही, आणि मग सिलिंडरचे आटे मरतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आटे मोजायचा गेज कोणत्याही लेथवर मिळेल. जुना बोल्ट सोबत घेऊन जावे.

प्रश्न (इचलकरंजी) : माझ्या आल्टो ८०० ला हा होज बसेल का?

त्या गाडीचा क्लच केबलवर चालतो, त्यात ऑइलच नाही. पेडल जड झाले असेल, तर केबल बदलावी.

प्रश्न (गारगोटी) : गॅरेजमध्ये नवा ब्रेडेड होज बसवला, पण पेडल दाबल्यावर खालीच राहते. दोनदा हवा काढूनही फरक नाही. होज सदोष असेल का?

बहुधा नाही. पाइप पूर्ण रिकामा झाला, की हवेचे बुडबुडे वरच्या वळणांत अडकतात आणि पेडल मारून ते खाली उतरवणे अवघड जाते, कारण हवेला वर जायचे असते. अशा वेळी ऑइल खालून वर भरावे : स्वच्छ सिरिंजला नळी लावून खालच्या सिलिंडरच्या हवा काढायच्या निपलमधून नवे ऑइल अगदी हळू ढकलावे आणि टाकीतले वाढलेले ऑइल काढत राहावे. त्याआधी जुने, काळे ऑइल पुरते काढलेले असावे, नाहीतर गाळ वरच्या सिलिंडरमध्ये जाईल. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, त्यामुळे टाकीतली पातळी तळाला जाऊ दिल्यास ब्रेकमध्येही हवा शिरते. रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवावे. बंजो बोल्टची (होजचे टोक जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) तांब्याची वायसर जुनीच लावली असतील, तर तीही बदलून घ्यावीत. तिथून ऑइल पाझरते.

हे काम गॅरेजमध्ये सुरू असताना होज कुठून नेला आहे, तेही पाहा. इंजिन त्याच्या रबरी फाउंडेशनवर (माउंटिंगवर) हलते, त्यामुळे होजला थोडी ढील हवी, पण तो कशालाही घासता कामा नये. स्टीलची उघडी वीण कानशीसारखी काम करते. माझ्याच जुन्या गाडीला मी क्लिप न लावता असा होज बसवला होता. तिसऱ्या महिन्यात गगनबावड्याच्या वाटेवर, कळे ओलांडल्यावर, स्टार्टरच्या वायरचे आवरण कापले जाऊन धूर निघाला. होजला ओरखडाही नव्हता. तेव्हापासून मी वीण उघडी असलेला होज घेत नाही आणि जिथे तो दुसऱ्या भागाजवळून जातो तिथे रबर लावलेली क्लिप बसवतो. आपल्या गाडीत एक्झॉस्ट आणि होज यांच्यामध्ये मूळचा पत्रा असेल, तर तो पुन्हा बसवला आहे ना, हे गाडी ताब्यात घेण्यापूर्वी वाकून पाहावे.