लायनर ओढून काढावा, ठोकून नव्हे

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या काळातील एचएमटी २५११ ट्रॅक्टर आहे. इंजिनाचे ऑइल दुधाळ झाले असून रेडिएटरमधील पाणी सतत कमी होते. मिस्त्रींनी लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली सरकतो ती सिलिंडरमधली नळी) बदलण्यास सांगितले आहे. परंतु ते घट्ट बसल्यामुळे खालून ठोकळा लावून घणाने ठोकावे लागतील, असे त्यांचे म्हणणे आहे. तसे करू द्यावे का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : घण मुळीच वापरू देऊ नये. एचएमटीने १९७१ मध्ये झेटर या चेकोस्लोव्हाकियातील ट्रॅक्टरच्या तंत्रज्ञानावर पिंजोर येथे ट्रॅक्टर बनवण्यास सुरुवात केली, त्या घराण्यातले हे दोन सिलिंडरचे इंजिन आहे आणि त्यातील लायनर ‘ओले’ आहेत, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागते. वर लायनरची कड ब्लॉकच्या खाचेत बसते आणि खाली रबरी रिंगा पाणी अडवतात. क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा खालचा दांडा) जागेवर असताना खालून सरळ फटका मारता येत नाही. घाव तिरका पडतो, लायनर एका बाजूने अडकतो आणि रिंगा बसतात ती ब्लॉकची जागा ओरखडते किंवा तडकते. लायनर बाजारातून नवा आणता येतो, पण इतक्या जुन्या इंजिनाचा चांगला ब्लॉक शोधत फिरावे लागते.

त्याआधी ऑइलमध्ये पाणी नेमके कुठून शिरते, ते पाहावे. ऑइल काढून खालचे चेंबर उतरवावे, रेडिएटर भरलेला ठेवावा आणि काही तासांनी खालून विजेरीने पाहावे. लायनरच्या बुडाशी थेंब जमत असतील तर रिंगा गेल्या आहेत. लायनरच्या आतल्या भिंतीवरून पाणी ओघळत असेल तर हेड गास्केट (ब्लॉक आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड यांच्यामधले पॅकिंग), हेडमधील तडा किंवा लायनरला पडलेले बारीक छिद्र यांचा संशय घ्यावा.

लायनर काढायचेच असतील तर पाणी सोडून हेड उतरवावे. सिलिंडरच्या वरच्या टोकाशी झिजेमुळे तयार झालेली पायरी आणि कार्बन आधी काढून टाकावा, अन्यथा पिस्टन वर घेताना पिस्टनच्या रिंगा तुटतात. पिस्टन निघाल्यावर क्रँकचे जर्नल (बेअरिंग बसतात ते गुळगुळीत भाग) स्वच्छ कापडाने झाकावेत आणि प्रत्येक लायनरवर क्रमांक व पुढची बाजू यांची खूण करावी. मग पुलर, म्हणजे लायनर ओढून काढायचे साधन, लावावा. लेथवाल्याकडून पायरी असलेली जाड चकती करून घेता येते. तिचा वरचा भाग लायनरच्या आत बसावा, पायरी लायनरच्या खालच्या कडेला टेकावी, पण बाहेरचा व्यास लायनरपेक्षा किंचित कमी असावा. चकतीतून जाड आट्यांचा रॉड वर घेऊन ब्लॉकवर ठेवलेल्या भक्कम पुलाला नट लावावा. पुलाचे पाय ब्लॉकवरच टेकावेत, शेजारच्या लायनरच्या कडेवर नव्हे. नट आवळत गेल्यावर लायनर साधारणतः एकदम सुटतो, कारण त्याला धरून ठेवणारा असतो तो मुख्यतः गंज, क्षार आणि कडक झालेले रबर. तरीही हलला नाही, तर ताण तसाच ठेवून गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळावे. या कामात घाई नुकसान करते.

खरी मेहनत यापुढची आहे, आणि अनेक ठिकाणी तीच टाळली जाते. बोअरवेलच्या जड पाण्याचा क्षार ब्लॉकच्या तळाशी साचलेला असतो. तो खरवडून पूर्ण काढावा. वरची खाच आणि रबरी रिंगांची जागा गुळगुळीत होईपर्यंत साफ करावी. नवा लायनर प्रथम रिंगांशिवाय बसवून त्याची कड ब्लॉकच्या वर किती राहते, ते डायल गेजने (बारीक फरक मोजणारे काट्याचे उपकरण) मोजावे आणि मॅन्युअलमधील मापाशी ताडावे. सर्व लायनरचे माप सारखे असले पाहिजे, नाहीतर गास्केट पुन्हा जळेल. रिंगा साबणाच्या पाण्याने ओल्या कराव्यात, ग्रीस लावू नये, आणि पीळ पडू न देता लायनर हाताने दाबून बसवावा. चेंबर लावण्यापूर्वी ब्लॉकमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवावे. एक थेंब दिसला तरी लायनर पुन्हा काढावा.

प्रश्न : हाच पुलर जुन्या मॅसी फर्ग्युसनच्या तीन सिलिंडर इंजिनाला चालेल का?
– एक वाचक, जि. लातूर

उत्तर : त्या ट्रॅक्टरमध्ये पर्किन्स ३.१५२ आराखड्याचे इंजिन असेल तर त्याचे लायनर ‘कोरडे’ असतात. पाणी त्यांना लागत नाही आणि ते ब्लॉकमध्ये घट्ट दाबून बसवलेले असू शकतात. तेथे हातपुलर पुरेलच असे नाही. ब्लॉक पूर्ण मोकळा करून मशीन शॉपमध्ये न्यावा. तेथे लायनर प्रेसवर दाबून किंवा बोअरिंग करून काढतात. नवा लायनर घेण्यापूर्वी ब्लॉकचे छिद्र गोल व सरळ आहे का, हे मोजून घ्यावे आणि ते माप लिहून मागावे.