निगेटिव्ह फीडबॅक कमी केल्याने आवाज सुधारतो का?

प्रश्न : मी घरी ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प्लिफायर बांधला आहे. निगेटिव्ह फीडबॅकमुळे संगीतातला जिवंतपणा जातो, तो शक्य तितका कमी ठेवावा, असे जाणकार मित्र सांगतात. फीडबॅकचा रेझिस्टर बदलून पाहावा का?

उत्तर : तसे करू नये. बेल लॅबोरेटरीजमधील हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ साली ही कल्पना सुचली ती दूरध्वनीच्या लांब लाइनींसाठी. तिथे एकामागोमाग जोडलेल्या अनेक ॲम्प्लिफायरांचे डिस्टॉर्शन, म्हणजे सिग्नलच्या आकारात होणारी विकृती, साठत जाई. आउटपुटचा ठरावीक अंश इनपुटमधून वजा केला, तर गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते प्रमाण, घटतो, पण जो उरतो तो ट्रान्झिस्टरच्या लहरीवर फारसा अवलंबून राहत नाही. समजा, फीडबॅकशिवाय गेन १०,००० आहे आणि आउटपुटचा विसावा भाग परत येतो. मग प्रत्यक्ष गेन १९.९६ भरतो, आणि मूळ गेन निम्म्यावर आला तरी तो १९.९२ च्या आसपास राहतो. डिस्टॉर्शनही साधारण ५०० पटींनी कमी होते. आपण रेझिस्टर बदलून फीडबॅक घटवलात, तर गेन, खरखर आणि डिस्टॉर्शन ही तिन्ही एकदम वाढतील.

मित्रांचे म्हणणे मात्र सर्वस्वी निराधार नाही. ब्रिटिश अभियंते पीटर बॅक्सँडल यांनी १९७८ साली दाखवून दिले की, ॲम्प्लिफायरच्या ज्या स्टेजमध्ये (टप्प्यात) डिस्टॉर्शन म्हणून मुळात केवळ दुसरा हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या दुपटीचा सूर) असतो, तिला थोडासाच फीडबॅक दिला, तर परत आलेला तो हार्मोनिक मूळ सिग्नलमध्ये मिसळून तिसरा, चौथा असे नवे हार्मोनिक निर्माण करतो, आणि कानाला हे वरचे हार्मोनिकच अधिक टोचतात. फीडबॅक पुरेसा वाढवला की तेही खाली जातात. म्हणूनच ‘थोडासा फीडबॅक बरा’ हा सल्ला मला घातक वाटतो.

खरी अडचण वरच्या फ्रीक्वेन्सींना येते. ॲम्प्लिफायर ऑसिलेट होऊ नये, म्हणजे इनपुट नसतानाही स्वतःच सिग्नल निर्माण करू नये, म्हणून व्होल्टेज वाढवणाऱ्या स्टेजवर जो लहान कपॅसिटर बसवतात, त्याच्यामुळे मूळ गेन फ्रीक्वेन्सीबरोबर घटत जातो. वरच्या उदाहरणातला गेन २० किलोहर्ट्झला १,००० उरला, तर ५०० ची सुधारणा ५० वर येते, आणि नेमके तिथेच आउटपुट ट्रान्झिस्टरांचे क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (सिग्नल एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना होणारी विकृती) डोके वर काढते. ते आधी मुळातच कमी करावे लागते, फीडबॅकवर सोपवून चालत नाही.

तेव्हा प्रथम आउटपुट ट्रान्झिस्टरांचा बायस (सिग्नल नसताना त्यांतून वाहणारा ठरावीक प्रवाह) तपासावा, आणि फीडबॅकची तार एमिटर रेझिस्टर जिथे एकत्र येतात त्या बिंदूवरूनच घेतली आहे ना, हे पाहावे. आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची एकामागोमाग जोडलेली जोडी नसेल, तर ती बसवावी. त्यानंतर स्पीकरऐवजी ८ ओहमचा पुरेशा वॉटचा रेझिस्टर जोडून, त्याला समांतर ०.१ ते २ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर पाळीपाळीने लावावेत आणि १० किलोहर्ट्झची कमी पातळीची स्क्वेअर वेव्ह ऑसिलोस्कोपवर पाहावी. तिच्या कडेनंतरच्या लहरी लवकर शमत नसतील, तर दोष फीडबॅकच्या प्रमाणाचा नसून स्थैर्याचा आहे, आणि तो कपॅसिटरची किंमत व तारांची मांडणी सुधारून दूर करावा.