तुमच्या पत्रातल्या चार ओळी

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांच्या एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मार्क चांगले आहेत. तिने न्यायाधीश व्हावं, नाहीतर एखाद्या मोठ्या कंपनीत लागावं अशी आमची इच्छा आहे. ती मात्र मारहाण झालेल्या बायका, अत्याचारग्रस्त कुटुंबं यांच्याच केसेस लढवणार म्हणते. दिवाळीत माझी पुतणी सासरहून दंडावर वळ घेऊन आली, तर ही तिला परस्पर संरक्षण अधिकाऱ्याकडे घेऊन गेली. भावकीत नाचक्की झाली. पुतणीची समजूत घालून आम्ही तिला सासरी पोचवून आलो आणि मुलीचं कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रात जाणं बंद केलं. असल्या वकिलीत भवितव्य आहे का?
– एक वडील, सातारा जिल्हा

नमस्कार.

तुमचं मूळ पत्र दोन पानांचं आहे. त्यात मुलीच्या मार्कांवर सव्वा पान आहे आणि पुतणीवर चार ओळी. मी त्या चार ओळींपाशीच अडकले. दिवाळीला दोन महिने होत आले. पुतणी आज कशी आहे, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

करिअरचं बोलू, पण आधी हे. ज्या घरात मार खाल्ला त्याच घरात माहेरच्या माणसांनी परत नेऊन सोडलं, की मारणाऱ्याला एवढंच कळतं की हिच्या पाठीशी कोणी नाही. आणि तिलाही तेच कळतं. पुढच्या वेळी ती वळ दाखवायला तुमच्याकडे येणार नाही. तिला आजच फोन करा, नवरा घरात नसेल अशा वेळी. ‘बरं चाललंय ना?’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘तुला घ्यायला येऊ का?’ असं विचारा आणि ती हो म्हणाली तर त्याच दिवशी निघा. जिवावर बेतेल असं वाटलं तर ११२ आणि महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन तिला तोंडपाठ असू द्या. फोनमध्ये सेव्ह करायला सांगू नका, फोन तपासले जातात.

आता तुमचा गैरसमज. ‘केस केली की जावयाच्या हातात बेड्या, मग संसार कसला राहतो,’ असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या डोक्यात ‘चारशे अठ्ठ्याण्णव’ आहे, म्हणजे सासरच्या छळाचं जुन्या दंडसंहितेतलं फौजदारी कलम. मुलीने जे केलं ते त्याहून वेगळं आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. या कायद्याखाली सरकारने नेमलेला संरक्षण अधिकारी बाईचं म्हणणं ऐकून घटनेचा अहवाल तयार करतो आणि तो मॅजिस्ट्रेटकडे पाठवतो. अर्ज झाला म्हणून कोणालाही अटक होत नाही. कोर्ट आदेश देतं : हिला मारायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही, खर्चाला इतके पैसे द्यायचे. तो आदेश मोडला तर मात्र गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. म्हणजे ज्या बाईला संसार सोडायचा नाही, फक्त मार थांबवायचा आहे, तिच्यासाठीच हा रस्ता केलेला आहे. तुम्हाला पुतणीसाठी नेमकं हेच हवं होतं. तुमच्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला ते ठाऊक होतं आणि तुम्ही तिलाच गप्प केलंत.

हे काम जवळून कसं दिसतं ते सांगते. कोर्टात साक्ष द्यायच्या निमित्ताने मी एकदा अर्धा दिवस बाकड्यावर बसून होते. शेजारी एक बाई, मांडीवर कापडदुकानाची पिशवी. पिशवीत रेशनकार्ड, लग्नपत्रिका, सरकारी दवाखान्याचा केसपेपर आणि फुटलेल्या बांगड्या कागदात गुंडाळून. तिची वकील आली, खाली वाकून बसली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘आज रात्री कुठे झोपणार?’ कलमं त्यानंतर. वकील गुन्हा घडून गेल्यावर येतो असं आपण मानतो. ही वकील पुढचा गुन्हा घडू नये म्हणून आली होती.

म्हणून तुमच्या मुलीलाही एक बोल लावते. चुलत बहिणीला नेलंस ते योग्य केलंस. पण अहवाल भरण्याआधी ती कुठे राहणार, मूल असेल तर ते कोणाकडे, कागदपत्रं कोणाच्या ताब्यात, हे ठरवलं होतंस का? आणि ‘परस्पर’ हा शब्द खरा असेल, तर तिची स्वतःची तयारी होती का? अशिलाच्या आधी धावणारा वकील अशिलालाच अडचणीत आणतो. हे केंद्रात बसूनच शिकायला मिळतं, आणि तेच तुम्ही बंद केलंय.

परीक्षांचं थोडक्यात. पदवीनंतर वकिलीची सनद, बार कौन्सिलची परीक्षा; न्यायाधीशपद आणि सहायक सरकारी अभियोक्ता म्हणजे सरकारी वकील, दोन्ही एमपीएससीतून. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे. म्हणजे तुमच्या मनातल्या वाटेवरही तिला तीन वर्षं कोर्टात उभं राहावंच लागणार. ती तीन वर्षं ती कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज चालवत असेल, तर बिघडलं काय?

पैशांबद्दल खोटा दिलासा देणार नाही. सुरुवातीची काही वर्षं सीनियर देईल तेवढ्यावर भागत नाही, घरून हातभार लागतो. हे काम करणारे बरेच वकील सकाळी वाटपाचा दावा चालवतात आणि दुपारी पोटगीचा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयांत आरोपींच्या बचावासाठी मानधनावर पूर्णवेळ वकील घेतात, तिथे सहायक म्हणून नवखेही चालतात. आरोपीचा हक्क हाही नागरी हक्कच, हे तिने मनाशी पक्कं करावं. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या खटल्यांत २०१५ च्या दुरुस्तीनंतर पीडित कुटुंबाला आरोपीच्या जामिनाच्या वेळी म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. हा हक्क कागदावर राहू नये म्हणून अशा कुटुंबाबरोबर त्या दिवशी कोर्टात हजर राहणारा वकील लागतो.

आणि ‘असल्या वकिलीने काय होतं’ म्हणता, तर मथुरा खटला वाचा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडून दिलं. १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांत वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर होते. त्या पत्रातून देशभर आंदोलन पेटलं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. वसुधाताईंनी पुढे दिल्लीत गरिबांना कायदा समजावणारी ‘मार्ग’ ही संस्था उभी केली. आपल्याच भाषेच्या घरातली मुलगी होती ती.

येत्या शनिवारपासून मुलीला केंद्रात जाऊ द्या. पुतणीकडे जाल तेव्हा तिला सोबत न्या, आणि दोघी बहिणी बोलत असतील तेव्हा तुम्ही बाहेर ओसरीवर थांबा. पुढचं पत्र मुलीने स्वतः लिहावं. कुठल्या सीनियरकडे उमेदवारी करायची, हे मी तिच्याशीच बोलेन.