'स्थानिक', 'आदिवासी' की 'मूलनिवासी'?

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या सिनेटर लिडिया थॉर्प यांनी २१ ऑक्टोबर २०२४ रोजी कॅनबेराच्या संसद भवनात राजे चार्ल्स यांना 'तुम्ही माझे राजे नाही' असे सुनावले. बातम्यांत त्यांना कुठे 'स्थानिक', कुठे 'आदिवासी', तर कुठे 'मूलनिवासी' नेत्या म्हटले होते. बरोबर काय?

'स्थानिक' आधी बाद. स्थानिक म्हणजे त्या गावचा, त्या वॉर्डातला. मेलबर्नमध्ये परवा फ्लॅट घेतलेला सांगलीकरही तिथे स्थानिकच की!

'मूलनिवासी' अर्थाने चपखल आहे, पण आपल्याकडे तो मोकळा राहिलेला नाही. बामसेफ आणि बहुजन चळवळीने त्याला इथल्या इतिहासाचा एक ठाम अर्थ दिला आहे, आणि महाराष्ट्रातला वाचक तो अर्थ मनात धरूनच शब्द वाचतो.

राहिला 'आदिवासी'. 'अ‍ॅबोरिजिनल'मागचे लॅटिन शब्दही 'आरंभापासून' असेच सांगतात. अडचण आहे ती डोळ्यांपुढे येणाऱ्या चित्राची : पाडा, तारपा, वनहक्काचे दावे. ऑस्ट्रेलियात त्यांची सर्वाधिक संख्या न्यू साऊथ वेल्समध्ये आहे आणि त्यातले कितीतरी जण पक्के शहरी. तरी मी 'आदिवासी'च लिहीन. फक्त ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीचे बेटवासी हे तिथले वेगळे मूळ लोक, हे ध्यानात ठेवावे. ज्यांच्या खटल्यात १९९२ साली तिथल्या हायकोर्टाने (तेच तिथले सर्वोच्च न्यायालय) 'ही भूमी कुणाचीच नव्हती' हा समज मोडीत काढला, ते एडी माबो बेटवासी होते.

याच बातम्यांतला 'प्रतिनिधित्व' मला जास्त खटकतो. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात 'व्हॉइस'चा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतांनी, सहाही राज्यांत फेटाळला गेला. 'आदिवासींना प्रतिनिधित्व नाकारले' असे वाचले की आपल्याला राखीव मतदारसंघ आठवतात. व्हॉइसमध्ये एकही राखीव जागा नव्हती. संसदेला आणि सरकारला सल्ला देणारे मंडळ घटनेत नोंदवायचे, एवढेच होते. कायदा अडवायचा अधिकार त्याला नव्हता. तेव्हा सरळ 'सल्लागार मंडळ' म्हणावे. आणि 'आदिवासी नेत्या म्हणजे व्हॉइसच्या बाजूच्या' हेही गृहीत धरू नये. थॉर्प यांचा व्हॉइसला विरोधच होता, कारण त्यांच्या मते ते दात नसलेले मंडळ होते. त्यांना हवी होती 'ट्रीटी'.

या 'ट्रीटी'चे भाषांतर सर्रास 'करार' होते. करार काय, घरमालक आणि भाडेकरूही करतात. दोन सत्ता समोरासमोर बसून करतात तो तह. पुरंदरचा तह, सालबाईचा तह. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये १८४० साली ब्रिटिशांनी माओरींशी वैतांगीचा तह केला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींशी ब्रिटिश राजसत्तेने तसा तह केलाच नाही, आणि राजासमोर थॉर्प यांनी तोच मागितला.