सांख्यिकीय सिग्नल प्रोसेसिंगमध्ये प्राध्यापक म्हणून कारकीर्द करावी का?

आपण इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहात, हा विषय आवडतो, पण ‘यात केवळ गणितच आहे का आणि आयुष्यभर शिकवण्याइतके त्यात काही आहे का’ असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात राहते आणि नवी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गेली १९ वर्षे हाच विषय शिकवते. आपल्या दुसऱ्या शंकेचे माझे उत्तर निःसंशय ‘आहे’ असे आहे.

गोंगाट मिसळलेल्या नोंदींवरून मूळ संकेताचा अंदाज बांधणे आणि तो अंदाज किती चुकू शकतो हेही सांगणे, हा या विषयाचा गाभा. कलकत्त्यात १९४४ साली संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव आकलनाचा, म्हणजे नोंदींवरून अंदाज बांधण्याचा, सिद्धांत शिकवत असताना वि. म. दांडेकर या विद्यार्थ्याने विचारले, की अंदाजातली चूक किमान किती राहणारच याविषयीचा संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचा मोठ्या नमुन्यांसाठीचा निष्कर्ष मर्यादित नमुन्यांसाठीही सिद्ध करता येईल का. राव यांनी त्याच रात्री बसून ती सिद्धता मांडली. १९४५ साली ती प्रसिद्ध झाली आणि आज रडारवर काम करणारा प्रत्येक अभियंता तिच्यातून मिळालेल्या या किमान मर्यादेला क्रामर-राव सीमा म्हणून ओळखतो. तो प्रश्न विचारणारे दांडेकर म्हणजेच पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतले नामवंत अर्थतज्ज्ञ. वर्गात एखादा विद्यार्थी अडवून प्रश्न विचारतो तेव्हा मला हा प्रसंग हमखास आठवतो, आणि मी खडू खाली ठेवून त्याचे पूर्ण ऐकून घेते.

गणिताविषयी म्हणाल, तर ते टाळता येत नाही, पण ते डोळ्यांना दिसते. आमच्या प्रयोगशाळेत हृदयाच्या ईसीजीवर विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण चढते आणि पडद्यावरची रेघ जाडसर, केसाळ दिसू लागते. विड्रो आणि हॉफ यांची १९६० सालची एलएमएस पद्धत (उरलेली चूक पाहून फिल्टरचे गुणांक पायरीपायरीने सुधारणारी) लावली, की काही सेकंदांत रेघ बारीक होत जाते आणि आधी बुडालेली, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीची लहानशी पी लहर वर येते. मग मी विद्यार्थ्यांना पायरीचा आकार वाढवायला सांगते. एका मर्यादेपुढे फिल्टरचे गुणांक बेफाम वाढतात आणि रेघ पडद्याबाहेर जाते. ती मर्यादा फिल्टरला मिळणाऱ्या संकेताच्या सहसंबंध मॅट्रिक्सच्या (त्याच्या नोंदी एकमेकींशी किती जुळतात हे सांगणाऱ्या तक्त्याच्या) सर्वांत मोठ्या आयगेन मूल्यावरून, म्हणजे त्या मॅट्रिक्समधून निघणाऱ्या एका ठरावीक संख्येवरून, ठरते, हे त्यानंतर फळ्यावर लिहिले की कोणीही ‘हे कशासाठी शिकायचे’ असे विचारत नाही.

वाट सांगायची तर गेट ही प्रवेश परीक्षा, एम.टेक. आणि पीएच.डी. मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावाआधी त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचावेत. नोकरीत मूल्यांकनाच्या फायलींत बराच वेळ जातो आणि संशोधनासाठी सकाळचे दोन तास राखून ठेवावे लागतात, हेही आधीच सांगितलेले बरे.

निर्णयापूर्वी एक करून पाहा. प्रसरण (म्हणजे नोंदी किती विखुरल्या आहेत त्याचे माप) माहीत असलेल्या गॉशियन, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वितरणातल्या, स्वतंत्र नोंदींच्या सरासरीसाठी क्रामर-राव सीमा स्वतः कागदावर काढा. उत्तर ‘प्रसरण भागिले नोंदींची संख्या’ असे येईल. मग संगणकावर हजार वेळा नोंदी तयार करून नमुना सरासरीचे प्रसरण त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही आकडे जुळताना पाहून आनंद झाला, तर खुशाल या विषयात या.