घर तारण ठेवून स्पोर्ट्स मेडिसिन करावं का?

प्रश्न: मी 26 वर्षांची, सांगलीची, एमबीबीएस. नीट पीजीच्या रँकवर सरकारी कॉलेजात एमडी पीएमआर (फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, म्हणजे रुग्णांच्या पुनर्वसनाची शाखा) मिळतंय. विद्यापीठाकडून कबड्डी खेळताना गुडघ्याचं लिगामेंट गेलं, तेव्हापासून मन स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आहे. ती जागा अभिमत विद्यापीठात आहे, फी वर्षाला 15 लाख. बाबा यंदा 58व्या वर्षी शिक्षक म्हणून निवृत्त झाले, निवृत्तीचे 30 लाख येतील. ते म्हणतात, "ते पैसे घाल, नाहीतर घर तारण ठेवू."

डॉक्टर, पीएमआरची जागा घ्या. का ते सांगतो.

तीन वर्षांची फी 45 लाख. दर वर्षाच्या सुरुवातीला 15 लाख उचलले आणि 11 टक्के दर धरला, तर शिकता शिकता साध्या व्याजानेच जवळपास 10 लाख चढतात. एमडी होऊन बाहेर पडाल तेव्हा डोक्यावर 55 लाख. ते 10 वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे 75,700 रुपये, एकूण परतफेड 91 लाखांच्या घरात. शैक्षणिक कर्जावरची प्राप्तिकराची सवलत फक्त व्याजावर, आठ वर्षं आणि तीही जुन्या करप्रणालीत. तिच्यावर विसंबू नका.

आता कमाई. संघांबरोबरच्या नोकऱ्या मोजक्या, आयपीएलचा मोसम दोनेक महिन्यांचा. उरतं स्वतःचं क्लिनिक. तिथे येणार चाळिशीतले धावपटू आणि बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे गुडघे, तेही आधी ऑर्थोपेडिककडे जाऊन आलेले. जम बसायला वर्षं लागतात, हप्ता तेवढा थांबत नाही. मला खरी भीती वाटते ती इथेच. दर महिन्याला 75 हजार काढायचे असले की समोरच्या प्रत्येक गुडघ्याला पीआरपीचं (रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं) महागडं इंजेक्शन लागेलसं वाटू लागतं. तुम्हाला असलं डॉक्टर व्हायचं नाही, हे तुमच्या पत्रातूनच कळतं.

पीएमआरमध्येही पैसा सावकाश येतो. पक्षाघाताच्या रुग्णाचं कुटुंब आयसीयूचं बिल भरून रिकामं झालेलं असतं, पुनर्वसनाचा खर्च शेवटी येतो आणि ओपीडीतले उपचार बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. पण तुमच्यावर कर्ज नसेल आणि विद्यावेतन चालू असेल. सोनोग्राफीखाली इंजेक्शन देणं, ईएमजी (स्नायू-नसांची विद्युत तपासणी), ऑर्थोसिस (सांध्यांना आधार देणारे पट्टे) हे सगळं खेळाडूंनाही लागतंच. पुढे स्पोर्ट्स फेलोशिप करता येते. अमेरिकेत तर स्पोर्ट्स मेडिसिनची थेट रेसिडेन्सीच नाही. फिजिअट्री (म्हणजे पीएमआरच) किंवा फॅमिली मेडिसिनसारख्या शाखेतून आधी जायचं, मग वर्षाची फेलोशिप. हीच स्पोर्ट्सची जागा सरकारी फीत मिळाली असती, तर मी तुम्हाला अडवलं नसतं.

आणि ही दोन जगं तुम्हाला वाटतात तितकी लांब नाहीत. तुमच्याच जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारींनी 2024मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्य मिळवलं. पॅरा खेळाडूंचं अपंगत्वानुसार वर्गीकरण करणाऱ्या पथकात डॉक्टर लागतात, आणि मज्जारज्जूची इजा, अवयवच्छेदन जवळून पाहिलेला डॉक्टर तिथे हवाच असतो. कबड्डी खेळलेली पीएमआर डॉक्टर म्हणजे तर दुधात साखर.

विद्यावेतनातून महिन्याला 20,000 आवर्ती ठेवीत टाकलेत, तर तीन वर्षांत आठेक लाख जमतात. फेलोशिपची सोय झाली. त्याआधी टर्म विमा आणि स्वतःची मेडिक्लेम घ्या. एमडीनंतरच्या बंधपत्रित (सक्तीच्या सरकारी) सेवेचं एक वर्ष हिशेबात धरा आणि कराराचा कागद जागा घेण्याआधी वाचा.

बाबांच्या 30 लाखांना कुणीही हात लावू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या 8.2 टक्क्यांनी त्यांना दर तिमाहीला 61,500 रुपये मिळतील. त्यांना 60 पूर्ण नाहीत, त्यामुळे निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागेल. पैसे जमा झाले की त्यांना पोस्टात घेऊन जा.